पॉलिमर आणि जीवशास्त्राच्या जर्नलला शोधनिबंध पाठवताना: तालुक्याच्या महाविद्यालयातील संशोधकांसाठी

आरमोरी, सिंदेवाही, साकोली, अर्जुनी मोरगाव, धारणी अशा तालुक्याच्या गावांत रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र शिकवणारे सहकारी भेटले की बहुतेक वेळा एकच प्रश्न निघतो. आपल्या अवतीभवती कोसा, म्हणजे रानटी रेशमाचा कोश, आहे, कापूस आणि पऱ्हाटी आहे, धावड्याचा डिंक आहे, जवस आहे. या सगळ्यांत निसर्गाने घडवलेले पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे रेणू, आहेत आणि त्यांपासून जखमेवरची पट्टी, औषध सावकाश सोडणारी जेल, पेशी वाढवण्यासाठीचा आधार असे काही ना काही आपण करून पाहतो. मग चांगल्या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये ते काम छापून का येत नाही? उपकरणे कमी असणे हे एक कारण आहे, पण माझ्या अनुभवात ते मुख्य कारण नाही. आपल्या लेखात पॉलिमरची मोजमापे एका भागात असतात, पेशींवरचे निष्कर्ष दुसऱ्या भागात असतात, आणि पहिल्यामुळे दुसरे का घडले हे कोठेच दाखवलेले नसते. हे मार्गदर्शन मुख्यतः त्या एका दुव्याबद्दल आहे. बाकीच्या गोष्टी, म्हणजे जर्नलची निवड, परवानग्या, लेखन आणि परीक्षकांना, म्हणजे जर्नलसाठी लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांना, उत्तरे, त्या दुव्याच्या अनुषंगाने येतील.

जर्नल कोणत्या प्रश्नाचे उत्तर मागते

पॉलिमर म्हणजे लहान रेणूंचा नुसता पुंजका नसून सहसंयुज बंधांनी जोडलेली लांब साखळी आहे, हे हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना १९५३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पुढाकाराने निघालेल्या महारेणूंच्या जर्मन नियतकालिकाच्या परंपरेतूनच पुढे २००१ मध्ये ‘मॅक्रोमॉलिक्युलर बायोसायन्स’ हे जर्नल सुरू झाले आणि पॉलिमर व पदार्थविज्ञान जेथे जीवशास्त्राला व वैद्यकाला भिडते ती जागा त्याने आपली मानली. त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकन केमिकल सोसायटीने ‘बायोमॅक्रोमॉलिक्यूल्स’ सुरू केले होते. ‘बायोमटेरिअल्स’ हे जर्नल १९८० पासून निघते, ‘कार्बोहायड्रेट पॉलिमर्स’ १९८१ पासून.

ही नावे पाठ करण्यासाठी दिलेली नाहीत. प्रत्येकाचा कल निराळा आहे आणि तो ओळखल्याशिवाय लेख लिहायला बसू नये. धावड्याच्या डिंकातील शर्करांची रचना उलगडली असेल, तर तो लेख कार्बोहायड्रेटच्या जर्नलचा आहे. त्याच डिंकाची जेल त्वचेच्या पेशींना धरून ठेवते आणि ती का धरते हे दाखवले असेल, तर तो पॉलिमर आणि जीवशास्त्राच्या सीमेवरील जर्नलचा आहे. जेल उत्तम आहे आणि उंदराची जखम लवकर भरली, एवढेच हाती असेल, तर तो लेख अजून कोणत्याच चांगल्या जर्नलचा झालेला नाही. संपादकाच्या मनातला प्रश्न साधारण असा असतो: या पॉलिमरच्या रचनेतील कोणत्या गोष्टीमुळे पेशी असे वागली, आणि ती गोष्ट बदलली तर पेशीचे वागणे बदलते का?

निवडलेल्या जर्नलचा उद्देश सांगणारे पान वाचावे. त्यानंतर मागील दोन वर्षांत आपल्या विषयाशी जवळचे जे आठ-दहा लेख त्यात आले असतील ते मिळवावेत आणि त्यांतील आकृत्या क्रमाने पाहाव्यात. पहिल्या आकृतीत काय असते, पेशींची आकृती कितव्या क्रमांकावर येते, नियंत्रण गट (तुलनेसाठीचे नमुने) कोणते ठेवले आहेत, हे एका वहीत लिहून काढले की आपल्या कामात कोणता प्रयोग कमी पडतो आहे ते आपोआप कळते. हे काम प्रयोग सुरू करण्यापूर्वीच करावे.

कोशाचे उदाहरण

आमच्या स्वतःच्या कामातले उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यातील चूक अनेकांकडून होते. पूर्व विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीपासून जो कोसा मिळतो, त्याचे शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा. या रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनाच्या साखळीत आर्जिनीन, ग्लायसीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा क्रम आढळतो. आरजीडी या संक्षेपाने ओळखला जाणारा हा क्रम पेशीच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन प्रथिने ओळखतात आणि त्याला धरून बसतात. पेशींना धरून ठेवणाऱ्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनातील या क्रमाचे महत्त्व १९८४ मध्ये पिअर्शबाखर आणि रूओस्लाहती यांनी दाखवले. तुतीच्या रेशमातील फायब्रॉइनमध्ये हा क्रम नाही. आपल्या जंगलातील कोशात निसर्गतःच पेशींसाठी एक कडी लावलेली आहे, असा विचार करून आम्ही मोठ्या उत्साहाने काम सुरू केले.

तुतीच्या रेशमासाठी प्रचलित असलेली कृती आम्ही जशीच्या तशी उचलली. सोडियम कार्बोनेटच्या ०.०२ मोलर द्रावणात, म्हणजे लिटरमागे सुमारे २.१ ग्रॅम, कोसे अर्धा तास उकळायचे, सेरिसिन हा डिंकासारखा थर काढून टाकायचा, उरलेले तंतू लिथियम ब्रोमाइडच्या ९.३ मोलर द्रावणात ६० अंश सेल्सिअसला विरघळवायचे, मग डायलिसिस करून (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून) मीठ काढायचे आणि फिल्म, म्हणजे पातळ थर, ओतायची. अर्ध्या तासात कोसा नीट सुटला नाही म्हणून आम्ही उकळण्याचा वेळ वाढवला. द्रावणात थोडे काही उतरले, बरेचसे तळाशी तसेच राहिले. जे उतरले त्याची फिल्म केली, तिच्यावर पेशी वाढवल्या, त्या चांगल्या चिकटल्या, आणि आरजीडीमुळे हे घडले असे लिहून आम्ही लेख पाठवला.

लेख परत आला. परीक्षकाने अवघे दोन प्रश्न विचारले होते. विरघळलेला भाग एकूण वजनाच्या किती टक्के होता, आणि त्यातील प्रथिनाचा रेणुभार किती? या दोन्हींची उत्तरे आमच्याकडे नव्हती. कोशाच्या फायब्रॉइनमध्ये अ‍ॅलॅनिनचे लांब सलग पट्टे असतात, त्यामुळे त्याची स्फटिकी बांधणी घट्ट असते आणि लिथियम ब्रोमाइडमध्ये ते सहजासहजी विरघळत नाही. जास्त उकळल्याने साखळ्या तुटतात आणि तुटलेले लहान तुकडेच तेवढे द्रावणात येतात. म्हणजे आम्ही ज्याला कोशाचे फायब्रॉइन म्हणत होतो तो त्यातला मोडका अंश होता, आणि त्यात आरजीडी शिल्लक आहे की नाही हेही आम्ही तपासले नव्हते. अळीच्या पाचव्या अवस्थेतील रेशीमग्रंथींमधून थेट फायब्रॉइन काढणे किंवा आयनिक द्रवांत (द्रवरूप क्षारांत) कोसा विरघळवणे हे मार्ग आधीच्या संशोधनात उपलब्ध होते. ते आम्ही वाचले होते, पण अवघड म्हणून बाजूला ठेवले होते.

या प्रसंगातून दुवा कसा बांधायचा ते स्पष्ट झाले. पेशी आरजीडीमुळे चिकटते असे म्हणायचे असेल, तर निदान तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. तुतीच्या फायब्रॉइनची फिल्म शेजारी ठेवून तुलना करावी. दोन्ही फिल्मचा खडबडीतपणा, ताठपणा आणि पाण्याचा स्पर्शकोन मोजावा, कारण हे गुण वेगळे असले तरी पेशी वेगळी वागते आणि श्रेय चुकीच्या गोष्टीला जाते. शेवटी, पेशी ओतण्यापूर्वी त्यांना विद्राव्य आरजीडी पेप्टाइडसोबत (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीसोबत) ठेवावे. इंटिग्रिनच्या जागा आधीच भरल्या गेल्या आणि कोशाच्या फिल्मवर चिकटणाऱ्या पेशींची संख्या घटली, तर दुवा सिद्ध होतो. यासोबत एका अमिनो आम्लाने बदललेले, म्हणजे आरजीई क्रमाचे, पेप्टाइड नियंत्रण म्हणून वापरावे, त्याने काही फरक पडता कामा नये. हा प्रयोग महागड्या उपकरणांचा नाही. पेप्टाइड थोडेच लागते, आणि मोजणी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली होते. तरीही एवढ्याशा प्रयोगाने आपला लेख ‘पेशी चिकटल्या’ या वर्णनापासून ‘पेशी या कारणाने चिकटल्या’ या शोधापर्यंत जातो.

कापसाच्या किंवा डिंकाच्या कामातही हेच सूत्र लावावे. नॅनोसेल्युलोजच्या (सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या) पट्टीत पाणी धरण्याची क्षमता महत्त्वाची वाटत असेल, तर त्या क्षमतेच्या तीन पायऱ्या तयार कराव्यात आणि पेशींचा प्रतिसाद त्या पायऱ्यांप्रमाणे बदलतो का ते पाहावे. एकच नमुना आणि एकच नियंत्रण यांतून कारण कधीच कळत नाही.

कच्च्या मालाची नोंद

नैसर्गिक पॉलिमर दर हंगामात सारखा नसतो, अशी परीक्षकांची रास्त शंका असते. आपण त्या मालाच्या उगमाजवळ राहतो, म्हणून या शंकेचे उत्तर आपण मोठ्या शहरातील प्रयोगशाळेपेक्षा चांगले देऊ शकतो. कोसा कोणत्या वाणाचा आहे, डाबा की भंडारा, अळी ऐनावर वाढली की अर्जुनावर, पीक पावसाळी की त्यानंतरचे, कोसे कोणत्या महिन्यात गोळा झाले, अळी मारण्यासाठी वाफ दिली की ऊन, आणि ते किती दिवस साठवले होते, हे सर्व लिहून ठेवावे. वाणाची खात्री करण्यासाठी नागपूरच्या रेशीम संचालनालयाकडे किंवा रांचीच्या केंद्रीय तसर (म्हणजे कोसा रेशीम) संशोधन संस्थेकडे विचारणा करता येते. कापसासाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था जवळ आहे. डिंकाच्या बाबतीत वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्र विभागाकडून लेखी घ्यावी आणि तिचा वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये क्रमांकासह जमा करावा. बाजारातून ‘खाण्याचा डिंक’ म्हणून आणलेल्या मालात अनेक झाडांचे डिंक मिसळलेले असू शकतात आणि त्यावर बांधलेला लेख पहिल्याच वाचनात ढासळतो.

कोशात टॅनिन आणि कॅल्शियम ऑक्झलेट असते, हेही ध्यानात ठेवावे. पुढे पेशींच्या चाचणीत त्याचा त्रास होतो, त्याबद्दल योग्य ठिकाणी लिहितो.

मोजमाप आणि प्रवास

रेणुभार, त्याचा प्रसार, रासायनिक रचना, उष्णतेला दिलेला प्रतिसाद, पाणी शोषण्याचे प्रमाण आणि ३७ अंश सेल्सिअसला सामू ७.४ असलेल्या बफरमध्ये होणारी झीज, एवढी मोजमापे या प्रकारच्या लेखात गृहीत धरली जातात. अवरक्त वर्णपट, म्हणजे एफटीआयआर, अनेक महाविद्यालयांत आता उपलब्ध आहे आणि रेशमासाठी त्याचा मोठा उपयोग होतो. वर्णपटातील प्रथिनांचा अमाइड-एक पट्टा १६२० ते १६३० प्रति सेंटिमीटरच्या आसपास सरकला, तर बीटा-पत्रकांची (शेजारी शेजारी घट्ट बसलेल्या साखळ्यांची) रचना वाढल्याचे कळते, आणि मिथेनॉलची प्रक्रिया केल्यावर तो तसा सरकलेला दिसायला हवा. बाकी उपकरणांसाठी आयआयटी मुंबईतील सॅफ हे उपकरण सेवा केंद्र आणि देशभरातील उपकरणांची नोंद असलेले आय-स्टेम पोर्टल यांची मदत होते. नमुने पाठवण्यापूर्वी तेथील तंत्रज्ञांना फोन करून नमुना किती लागतो, कोणत्या द्रावकात हवा आणि निकालासोबत मूळ डेटाची फाइल मिळेल का, हे विचारून घ्यावे. नुसता छापील आलेख घेऊन परतल्यास पुढे परीक्षकाने मूळ आकडे मागितले की पंचाईत होते.

वाहतुकीचा प्रश्न आपल्याकडे खरोखर गंभीर आहे. फायब्रॉइनचे पाण्यातील द्रावण ४ अंश सेल्सिअसला काही आठवडे टिकते, परंतु उष्णता आणि हेलकावे या दोन्हींनी ते घट्ट जेल बनते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे असताना एसटीने नागपूरपर्यंत नेलेली बाटली आमच्या हाती दह्यासारखी होऊन आली होती. तेव्हापासून आम्ही द्रावण पाठवत नाही. ते येथेच शीतशुष्क करून (गोठवून वाळवून) किंवा फिल्म ओतून, सिलिका जेलसह हवाबंद पाकिटात पाठवतो आणि पाकिटात तापमानाची नोंद ठेवणारे छोटे उपकरण टाकतो. पावसाळ्यात शीतशुष्क नमुना उघड्यावर पाच मिनिटे राहिला तरी ओलावा धरतो, म्हणून वजने हिवाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळी येत असतील तर आधी ओलावा मोजावा. वीज गेल्याने इनक्युबेटर बंद पडल्यास त्या दिवसाचा प्रयोग रद्द करावा आणि तशी नोंद वहीत करावी. अर्धवट गरम राहिलेल्या पेशींचा निकाल वापरण्याचा मोह कितीही झाला तरी तो आवरावा.

निर्जंतुकीकरण आणि एन्डोटॉक्सिन

या एका मुद्द्यावर अनेक चांगले लेख नाकारले जातात, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइडला एन्डोटॉक्सिन म्हणतात. डिंक, कोसा, कायटोसान, सेल्युलोज या सगळ्यांवर शेतातून, जंगलातून, पाण्यातून ते येते. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणू मरतात, पण एन्डोटॉक्सिन टिकून राहते. काचेच्या भांड्यांवरून ते नाहीसे करण्यासाठी २५० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते, आणि तेवढ्या तापमानाला आपला पॉलिमर जळून जातो. त्यामुळे एखाद्या पट्टीने मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींना उत्तेजित केले, असे आपण अभिमानाने लिहितो आणि प्रत्यक्षात ती किमया पट्टीवर राहिलेल्या जिवाणूंच्या अवशेषांची असते. रोगप्रतिकार, दाह किंवा जखम भरणे याविषयी एक वाक्य जरी लिहायचे असेल, तरी लिम्युलस चाचणीने एन्डोटॉक्सिन मोजावे आणि तो आकडा लेखात द्यावा.

निर्जंतुक करण्याच्या पद्धतीमुळे पॉलिमरही बदलतो. गॅमा किरणांची प्रचलित मात्रा २५ किलोग्रे आहे आणि तिने अनेक पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. ऑटोक्लेव्हची वाफ जेल आकसवू शकते. म्हणून रेणुभार आणि पाणी शोषण्याचे प्रमाण निर्जंतुकीकरणानंतर मोजलेले असावे, कारण पेशींना भेटतो तो निर्जंतुक केलेला नमुना. पद्धतीच्या विभागात हे एका ओळीत स्पष्ट लिहिले की परीक्षकाचा विश्वास बसतो.

पेशींचे प्रयोग आणि ‘एन’चा अर्थ

एल-९२९ ही उंदराच्या तंतुपेशींची सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) विषारीपणाच्या प्राथमिक चाचणीसाठी सर्रास वापरली जाते आणि ती पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळते. पेशी कोठून आणल्या, कितव्या पिढीच्या वापरल्या आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची तपासणी केली का, हे लेखात लिहावे. वैद्यकीय साधनांच्या चाचण्यांच्या आयएसओ १०९९३ या मानकमालिकेतील पाचवा भाग पेशीविषारीपणाचा आहे. जिवंत पेशींचे प्रमाण नियंत्रणाच्या ७० टक्क्यांखाली गेले तर पदार्थात विषारीपणाची शक्यता आहे, असे तो मानतो. अर्क काढताना अर्धा मिलिमीटरहून पातळ फिल्मसाठी दर मिलिलिटर द्रवामागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग घ्यावा, असे त्याच मालिकेतील बारावा भाग सांगतो. ‘आयएसओप्रमाणे चाचणी केली’ असे लिहून प्रत्यक्षात मनाला येईल तेवढा तुकडा टाकण्याची सवय मोडली पाहिजे.

आता टॅनिनचा मुद्दा. एमटीटी चाचणीत पिवळ्या रंजकाचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर होते आणि ते जिवंत पेशी करतात असे आपण धरतो. टॅनिनसारखी क्षपणकारक संयुगे पेशींविनाही हे रूपांतर घडवू शकतात. म्हणून प्लेटच्या पेशी नसलेल्या खळग्यांत नुसता पदार्थ आणि एमटीटी ठेवून पाहावे. रंग आला, तर दुसरी चाचणी निवडावी, उदाहरणार्थ जिवंत आणि मृत पेशी वेगळ्या रंगांत दाखवणारी रंगक्रिया. पेशींची संख्या १३० टक्के झाली असे आकडे दिसले की आपल्याला आनंद होतो. अशा वेळी आधी ही चाचणी करावी.

संख्याशास्त्रात सर्वांत मोठा घोळ ‘एन’चा, म्हणजे स्वतंत्र प्रयोगांच्या संख्येचा, होतो. एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, एकाच द्रावणातून भरलेले तीन खळगे म्हणजे ‘एन बरोबर तीन’ नव्हे. ती एकाच प्रयोगाची तीन वाचने आहेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पिढीच्या पेशींवर आणि नैसर्गिक पॉलिमर असेल तर वेगळ्या ढिगाच्या मालापासून केलेले तीन प्रयोग म्हणजे खरे तीन. कोशाच्या कामात मी निदान तीन वेगळ्या ढिगांचे कोसे घेण्याचा आग्रह धरतो, कारण तरच निष्कर्ष ‘या कोशाबद्दल’ न राहता ‘कोशाबद्दल’ होतो. प्रत्येक आकृतीखाली ‘एन’ म्हणजे काय आणि दाखवलेली रेषा प्रमाण विचलनाची आहे की प्रमाण त्रुटीची, हे लिहावे.

पेशींची सोय महाविद्यालयात नसेल, तर सेवाग्राम, सावंगी, नागपूर किंवा अमरावती येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील सहकाऱ्यांशी आधीपासून भागीदारी करावी. त्यांना नुसते नमुने देऊन आकडे मागू नयेत. प्रश्न त्यांच्यासमोर मांडावा, प्रयोगाची आखणी एकत्र करावी आणि लेखकांच्या यादीत कोणाचे नाव कोठे असेल हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे.

परवानग्या

मानवी रक्ताचे पाच मिलिलिटर वापरायचे असले, तरी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती लागते. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे रक्त काढून केलेला हिमोलिसिसचा (तांबड्या रक्तपेशी फुटण्याचा) प्रयोग कोणतेही जबाबदार जर्नल छापणार नाही. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नोंदणीकृत प्राणिगृह आणि संस्थात्मक समितीची मान्यता आवश्यक आहे, आणि मंजुरीचा क्रमांक लेखात द्यावा लागतो. प्रयोग झाल्यावर मंजुरी मिळत नाही. शोधावर पेटंट घेण्याचा विचार असेल, तर लेख पाठवण्यापूर्वी, परिषदेत भित्तिपत्रक लावण्यापूर्वी आणि प्रीप्रिंट (परीक्षणाआधीची खुली प्रत) टाकण्यापूर्वी अर्ज करावा. जैविक साधनसंपत्तीवर आधारित पेटंटसाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात.

जर्नलची निवड आणि पैसा

अनेक प्रतिष्ठित जर्नलांत दोन मार्ग असतात. एका मार्गात लेखकाने शुल्क भरले की लेख सर्वांना मोफत वाचता येतो, आणि हे शुल्क दोन-तीन लाख रुपयांच्या पुढेही जाते. दुसऱ्या मार्गात वर्गणीदार ग्रंथालये पैसे देतात आणि लेखकाला काहीच भरावे लागत नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने दुसरा मार्ग निःसंकोच निवडावा. त्याने लेखाचा दर्जा कमी होत नाही, आणि स्वीकृत मसुदा ठरावीक काळानंतर संस्थेच्या भांडारात ठेवण्याची मुभा बरेच प्रकाशक देतात. भारत संपूर्ण शुल्कमाफीच्या देशांत सहसा मोडत नाही, त्यामुळे माफी मिळेल या आशेवर पूर्ण खुल्या जर्नलला लेख पाठवून नंतर अडचणीत येऊ नये.

चार दिवसांत स्वीकृती, ‘आदरणीय विद्वान’ अशा संबोधनाचे ईमेल, पोर्टलऐवजी वैयक्तिक पत्त्यावर लेख मागणे आणि दहा-वीस हजारांची मागणी, ही फसव्या जर्नलची लक्षणे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून पारख करण्याची जबाबदारी संस्थेवर आणि लेखकावर आली आहे. संपादक मंडळातील दोघा-तिघांची नावे त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठांच्या पानांवर तपासावीत आणि जर्नल स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये खरोखर आहे का, हे त्या सूचींत स्वतः पाहावे. जर्नलच्या मुखपृष्ठावरील चिन्हावर विसंबू नये.

लेख वाचायला मिळणे ही वेगळी अडचण. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही केंद्राची योजना सुरू झाली असून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नले शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना उपलब्ध झाली आहेत. आपले महाविद्यालय खासगी अनुदानित असेल, तर आपल्याला प्रवेश आहे का हे ग्रंथपालांना विचारावे, आणि नसल्यास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठवड्यातून एक दिवस बसण्याची सोय करून घ्यावी. संबंधित लेखकाला दोन ओळींचे सभ्य पत्र पाठवले तर बहुतेक जण प्रत पाठवतात.

लेखन

मी आधी आकृत्या मांडतो. टेबलावर पाच-सहा आकृत्या क्रमाने ठेवायच्या आणि शेजारच्या खोलीतील भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला मराठीत सांगायचे की हे असे आहे, म्हणून हे असे झाले. जेथे ‘म्हणून’ अडखळते, तेथे प्रयोग कमी आहे असे समजावे. सांगणे सुरळीत झाले की त्याच क्रमाने निष्कर्षांचा विभाग लिहावा, मग पद्धती, मग चर्चा, आणि प्रस्तावना व सारांश शेवटी. इंग्रजी साधे ठेवावे. लहान, नेमकी वाक्ये परीक्षकाला आवडतात, आणि भाषा सफाईदार करण्यासाठी एखादे सॉफ्टवेअर वापरले असेल तर जर्नलच्या नियमानुसार तसे नमूद करावे. पूर्वीच्या लेखांतील परिच्छेद शब्द फिरवून उचलू नयेत, पद्धतीच्या विभागातसुद्धा.

प्रस्तावनेत कर्करोग, मधुमेह आणि जगाची लोकसंख्या येथून सुरुवात करण्याची गरज नाही. कोशाचे फायब्रॉइन, त्यातील आरजीडी, आधी कोणी काय दाखवले, विशेषतः आयआयटी खरगपूरमध्ये प्रा. सुभाष कुंडू यांच्या गटाने केलेले काम, आणि त्यात कोणता प्रश्न उरला आहे, एवढे पुरे. सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक चित्रावर मापपट्टी असावी. चित्राचा उजळपणा वाढवला असेल तर तो संपूर्ण चित्राला आणि नियंत्रणालाही सारखाच वाढवलेला असावा. एका भागापुरता केलेला बदल ही हेराफेरी ठरते.

संपादकाला लिहिण्याचे पत्र अर्ध्या पानाचे असावे. आम्ही काय शोधले, पॉलिमरच्या कोणत्या गुणामुळे पेशीचे कोणते वागणे बदलले आणि हे तुमच्या वाचकांना का उपयोगी आहे, हे तीन-चार वाक्यांत सांगावे. आपले महाविद्यालय लहान आहे याची क्षमा मागू नये आणि त्याचे भांडवलही करू नये.

उत्तर आल्यावर

परीक्षणाला न पाठवता संपादकाने लेख परत केला, तर बहुधा विषय जर्नलच्या कक्षेत बसत नसतो किंवा दुवा दिसलेला नसतो. ते पत्र दोन दिवसांनी पुन्हा वाचावे. परीक्षणानंतर सुधारणा मागितल्या असतील, तर ती चांगली बातमी आहे. परीक्षकाचे प्रत्येक वाक्य उतरवून त्याखाली उत्तर लिहावे आणि बदल कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत केला ते सांगावे. मागितलेला प्रयोग करणे शक्य नसेल तर तसे सरळ लिहावे आणि त्यानुसार लेखातील दावा कमी करावा. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात परीक्षकाने प्राण्यांवरील प्रयोग मागितला होता. आमच्याकडे प्राणिगृह नव्हते. आम्ही ‘जखम भरते’ हा दावा काढला, ‘पेशी आरजीडीच्या मार्गाने चिकटतात’ एवढाच ठेवला आणि पेप्टाइडचा प्रयोग आणखी दोन मात्रांवर करून दाखवला. लेख स्वीकारला गेला.

प्रूफ (छपाईपूर्वी तपासायची प्रत) सामान्यतः दोन दिवसांत परत मागतात, म्हणून त्या आठवड्यात परीक्षेचे पर्यवेक्षण किंवा निवडणुकीचे काम आले असेल तर सहलेखकाला आधीच सांगून ठेवावे. लेखकांची नावे, गावाचे नाव, एककांची चिन्हे आणि मायक्रोऐवजी मिलि झाले नाही ना, एवढे दोघांनी वेगवेगळे वाचावे. वापरलेल्या प्रत्येक ढिगातील निदान पन्नास कोसे क्रमांकासह कोरड्या डब्यात राखून ठेवावेत, कारण लेख छापून आल्यावर कोणीतरी ते पडताळून पाहण्यासाठी नमुना मागते. मागणी परदेशातून आली, तर पाकीट टपालात टाकण्यापूर्वी जैवविविधता प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे काय करावे लागते ते विद्यापीठाच्या संशोधन कक्षाला लेखी विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत डबा कपाटातच ठेवावा.